मागे पडलेल्या मुलांसाठी रविवारची बैठक

मार्गदर्शक गटातील सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता फोंड्यात, नेहमीच्या वाचनालयात जमायचे आहे. कॉलेजात काही विषय राहिलेली किंवा हजेरी ७५ टक्क्यांखाली गेल्याने परीक्षेला मुकलेली मुले यंदा आपल्याकडे बरीच आली आहेत. ती वाटून घेऊ.

मुलांना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणायला सांगा, तोंडी हिशेब हमखास चुकतो. किती क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक) अडकलेत ते आधी कागदावर मांडा. मिळवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, ७ वर्षांपर्यंत राहू शकतात, वर्ष गेले म्हणजे सगळेच बुडाले असे नाही, हे पालकांसमोर सांगा. पुढच्या सत्रात सगळे विषय एकदम काढायचा हट्ट मात्र मोडून काढा. दोन सुटले तरी पुष्कळ.

आणि कृपा करून पहिल्याच भेटीत ‘अभ्यास का केला नाहीस?’ नको. गेल्या खेपेला एकाची हजेरी का बुडाली ते तिसऱ्या भेटीत कळले: सत्तरी तालुक्यातून येणारी पहाटेची बस चुकली की पहिले दोन तास गेलेच. प्राध्यापकांकडे आपण सोबत जाऊ, पण अर्ज मुलानेच लिहायचा.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, भाजी-पाव मोजून सांगायचे आहेत.