जुन्या गाडीचे ब्रेक आणि दिवे तपासायला शिकवणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक आणि मागचे दिवे आता व्यवस्थित चालत आहेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आयुष्यभर गॅरेज चालवलेल्या आपल्यासारख्या माणसाने हे काम सहज हातावेगळे केले असते. पण आपण पान्याला हात न लावता शेजारी स्टूल टाकून बसलात आणि प्रत्येक टप्प्यावर "आधी तपासा, मग खोला" एवढेच सांगत राहिलात. जुन्या गाडीत एकाच लक्षणामागे तीन-चार कारणे असू शकतात. अंदाजाने पार्ट बदलत गेले तर पैसा जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. म्हणूनच आपल्या त्या सांगण्याची किंमत मला फार मोठी वाटते.

दिव्यांपासून सुरुवात केली. ब्रेक दाबला की उजवा ब्रेक लाइट मंद लागायचा आणि त्याच बाजूचा इंडिकेटरही सोबत मिणमिणायचा. बल्ब आणि फ्यूज दोन्ही शाबूत होते. आपण मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या होल्डरमधील अर्थिंगला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या टोकाला, टेकवायला सांगितलेत. ब्रेक दाबलेला असताना तिथे जवळपास शून्य, फार तर 0.2 व्होल्ट दिसायला हवे होते. आमचा आकडा तीनच्या पुढे गेला. अर्थिंगची वाट गंजाने अडली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून भलताच दिवा उजळतो, हे आपण तिथेच समजावून दिलेत. डिकीच्या अस्तराआड, बॉडीला आवळलेल्या वायरच्या टोकावर हिरवट थर साचला होता. तो पॉलिश पेपरने घासून, खालचा पत्रा चकचकीत करून स्क्रू पुन्हा आवळताच दोन्ही ब्रेक लाइट सारख्या तेजाने लागले. मंद हेडलाइटसाठीही हेच मोजमाप करावे, कारण हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, ही आपली माहिती पुढेही उपयोगी पडेल.

ब्रेकच्या कामात आपली शिस्त अधिक कडक होती आणि ती तशी असायलाच हवी. सपाट, कठीण जमीन, मागच्या चाकांना अडण्या, जॅकच्या जोडीला भक्कम स्टँड, एवढे झाल्याशिवाय आपण चाकाचा एकही नट काढू दिला नाहीत. गाडी चालून आली की पुढचे डावे चाक तापलेले असायचे आणि ब्रेक सोडल्यावरही ते हाताने फिरत नसे. कॅलिपर, म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम झाला असेल असे कोणालाही वाटले असते. आपण मात्र ब्रेक दाबून सोडायला लावलात आणि कॅलिपरवरचा ब्लीडर निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू, किंचित सैल करायला सांगितलेत. थोडे ऑइल उडाले आणि चाक लगेच मोकळे झाले. म्हणजे पिस्टन अडकलेला नव्हता, आत दाब कोंडला जात होता. मग निप्पल बंद करून, पुन्हा ब्रेक दाबून सोडल्यावर कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) वरच्या टोकाचा लोखंडी पाइप सैल केला, तेव्हा चाक जखडलेलेच राहिले. अडथळा या दोन जागांच्या मधे, म्हणजे होजमध्येच होता. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना होज आतून फुगून ऑइल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, हे या दोन साध्या चाचण्यांनी सिद्ध झाले आणि चांगला कॅलिपर बदलण्याचा खर्च टळला.

नवा होज बसवल्यावर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा (एअर) काढताना आपला आवाज अजून कानात आहे: "दाबा, धरून ठेवा, आता सोडा." निप्पल बंद होईपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत ओढली जाते; पारदर्शक नळीतले बुडबुडे संपेपर्यंत हेच करत राहायचे आणि टाकीतले ऑइल किमान खुणेखाली जाऊ द्यायचे नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेतील किमान 230 अंश सेल्सिअसवरून ओलसर अवस्थेत 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणूनच उघडून ठेवलेली जुनी बाटली आपण वापरू दिली नाहीत. रंगावर सांडलेले थेंब ताबडतोब पाण्याने धुवायला लावलेत, तेही बरे झाले.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायला लावलेत. ते हळूहळू खाली गेले असते आणि बाहेर कुठेही गळती नसती, तर पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवर संशय घ्यावा लागला असता. पेडल जागेवर टिकले. मागच्या बाजूचा गंजलेला लोखंडी पाइप मात्र घरी न बदलता गॅरेजमध्येच द्यावा, असे आपण स्पष्ट सांगितलेत. कुठे थांबावे हे इतक्या मोकळेपणाने सांगितल्याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे. त्याप्रमाणे गाडी गॅरेजला देऊन तो पाइप बदलून घेतला आहे.

आपण शिकवलेल्या सगळ्या चाचण्या मी क्रमवार वहीत लिहून काढल्या आहेत. सवडीने एकदा त्या नजरेखालून घालाव्यात आणि जिथे क्रम चुकला असेल तिथे दुरुस्ती सुचवावी, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक शेजारीण