वेली गुलाबाच्या रोपावर नाव हवे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की सोलापुरात रोपांची खरेदी वाढते आणि फाटकावरच्या कमानीसाठी बहुतेक जण ‘वेली गुलाब’ मागतात. रोपवाटिकेत त्याला लाल वेल, पिवळी वेल, गुलाबी वेल एवढीच ओळख असते. रोपाला फुलाचे रंगीत चित्र बांधलेले असते, परंतु जातीचे नाव नसते आणि कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे हवी जात ज्या मुळाच्या रोपावर जोडतात त्यावर, बांधले आहे हेही कोणी सांगत नाही. या अनामिकपणामुळे माझी चार वर्षे वाया गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या फाटकाशी मी असेच एक रोप लावले होते. पहिल्या दोन हिवाळ्यांत त्याला भरगच्च पाकळ्यांची गडद लाल फुले आली. तिसऱ्या पावसाळ्यात बुडातून एक फिकट हिरवा धुमारा निघाला आणि पाहता पाहता कमानीवर पोहोचला. वेलीने आता जोर धरला या आनंदात आम्ही तो जपून बांधला. त्यानंतर मूळची लाल फांदी वाळत गेली आणि नव्या धुमाऱ्यावर पानांखेरीज काहीही आले नाही. अखेर एक पान तोडून बारकाईने पाहिले, तेव्हा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथल्या उपपर्णांना फणीच्या दातांसारखी बारीक झालर दिसली. ही मल्टिफ्लोरा या रानगुलाबाची खूण आहे आणि त्याचा वापर कलमासाठी खुंट म्हणून होतो. म्हणजे दोन वर्षे आम्ही खुंटालाच खतपाणी घालत होतो! डोळा भरलेल्या गाठीच्या, म्हणजे हव्या जातीचा अंकुर खुंटावर जिथे बसवलेला असतो त्या जागेच्या, खाली फुटलेला धुमारा लहान असतानाच माती बाजूला करून मुळापासून ओढून काढावा लागतो, कारण नुसता कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून तो पुन्हा फुटतो. हे दोन शब्द रोप देतानाच सांगितले गेले असते तर आमचा गुलाब वाचला असता.

जात ओळखण्याची खरी गरज छाटणीच्या वेळी भासते. गुलाबाला मधुमालतीसारखे आधाराभोवती वळसे घेता येत नाहीत आणि ताणेही नसतात. त्याच्या लांब फांद्या आपणच बांधायच्या असतात. त्यातही दोन प्रकार आहेत. काहींच्या फांद्या जाड व ताठ, फुले मोठी आणि बहर वर्षातून अनेकदा येणारा, तर काहींच्या फांद्या लवचिक, फुले लहान व झुबक्यांनी येणारी आणि बहर वर्षातून एकदाच, तोही आदल्या वर्षीच्या फांदीवर. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये झुडुपी गुलाबाची होते तशी कडक छाटणी दुसऱ्या प्रकारावर केली, तर येणारा बहरच कापून टाकला जातो. बिनकाट्यांचा बँक्सिया याच दुसऱ्या प्रकारातला. झुडुपी जातीतून उत्परिवर्तनाने निघालेल्या वेलींच्या नावाआधी ‘क्लाइंबिंग’ लिहिण्याची पद्धत आहे आणि तो शब्द असेल तर कात्री जपूनच चालवावी, कारण फार खाली कापल्यास अशी वेल पुन्हा झुडूप होऊ शकते. शेंड्याकडे सरळ नेलेली फांदी टोकालाच फुलते, तर आडवी बांधली की तिच्या डोळ्याडोळ्यातून फुलांच्या फांद्या निघतात. हे मात्र सर्व वेली गुलाबांना लागू आहे.

निवड करताना आपल्या उन्हाचा विचार आधी व्हावा. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडची भिंत रात्रीपर्यंत धगधगत असते, तेव्हा वेल पूर्वेच्या बाजूला आणि भिंतीपासून हातभर दूर असावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतात, वास्तविक तिथे मुळांना लोह मिळत नसते. माझ्या मते सोलापुरात टी-नॉइझेट (टी आणि नॉइझेट या दोन जुन्या गुलाबगटांच्या संकरातून आलेल्या) कुळातील जुन्या वेलींना अधिक स्थान मिळावे, कारण त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही, पण उबदार हवा मानवते. १८६४ सालचा ‘मारेशाल नील’ हा सुगंधी पिवळा गुलाब त्यांपैकीच. त्याचे फूल मान खाली घालते. झुडुपावर हा दोष ठरला असता, पण कमानीखालून जाणाऱ्याला तेच फूल समोरून पाहता येते. उबदार हवेला मानवणाऱ्या वेली तयार करण्याचे काम आपल्या देशातही झाले आहे. कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी मणिपूरच्या डोंगरांतील रोझा जायगँशिया या रानवेलीपासून उष्ण प्रदेशांसाठी नव्या जाती तयार केल्या आणि त्यांतील एकीला वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचे नाव दिले. परंतु नावाने मागणी करावी, तर आपल्या बाजारात नावच चालत नाही.

अमेरिकेत १९३१ साली वनस्पतीसाठी दिलेले पहिलेच पेटंट ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबाला मिळाले होते. तिकडे वेली गुलाबाच्या एका जातीची एवढी नोंद झाली, तर आपण निदान नावाची एक चिठ्ठी तरी बांधावी. जातीचे नाव, खुंटाचे नाव आणि बहर एकदा येतो की वारंवार, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक वेली गुलाबाच्या रोपावर लिहाव्यात, अशी शहरातील रोपवाटिकाधारकांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्राहकांनीही पैसे देण्यापूर्वी डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दिसते का आणि हिरवी फूट तिच्या वरून निघाली आहे का, हे वाकून पाहावे. ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी आपल्या दैनिकाने वेली गुलाबाच्या ओळखीवर पानांच्या व उपपर्णांच्या छायाचित्रांसह एक लेख प्रसिद्ध केल्यास अनेक घरांतील वेली वाचतील.

आपला विश्वासू,
एक गुलाबप्रेमी वाचक,
जुळे सोलापूर