थंडीचा जीन सापडला, पण कोणत्या अवस्थेतला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाताला थंडी सोसायची ताकद देणारा जीन, म्हणजे जनुक, सापडल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमी खोटी नाही, पण अर्धवट आहे. एक बी आणले की गारठ्याची चिंता मिटली, असाच कुणाचाही समज होईल.

भाताला थंडी मुख्यतः दोनदा बाधते, रोपात आणि पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना. दोन्हीकडची जनुके वेगळी. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उजेडात आणलेले ‘कोल्ड-१’ रोपाच्या कामाचे. त्याचे प्रथिन पेशीच्या पटलात बसलेले असते. गारवा लागला की त्याच्या इशाऱ्यावर पेशीत कॅल्शियम शिरते आणि मग बचावाची बाकीची जनुके जागी होतात. थंडी सोसणाऱ्या जपोनिका भातात या प्रथिनातले १८७ वे अमिनो आम्ल लायसिन असते, नाजूक इंडिका वाणांत दुसरेच. डीएनएतल्या एका अक्षराचा काय तो फरक! कोकण-विदर्भात उन्हाळी भाताची रोपे जानेवारीत पिवळी पडतात, ते दुखणे या अवस्थेतले.

पोटरीतले दुखणे मात्र फसवे. तिथे १५ ते १९ अंशांचा गारवाही पुरतो. एवढ्यावर सोलापुरात कुणी कपाटातून स्वेटर काढत नाही. शेत हिरवेगार दिसते, पण आत पराग पोसत नाही. लोंबी निसवते ती ताठच राहते, चिमटीत धरून दाबली की नुसते पळंज, म्हणजे आत दाणाच नाही. चीनच्या युनान प्रांतातल्या एका गावरान भातात मिळालेले ‘सीटीबी४ए’ (२०१७) इथे उपयोगी पडते. ते पेशीतली ऊर्जानिर्मिती टिकवून धरते, म्हणून पराग तगतो. तेव्हा रोपात टिकलेला वाण पोटरीतही टिकेल, अशी हमी कुणी देऊ नये.

सोलापूरकराला भाताची ही नसती पंचाईत कशाला, असे कुणी म्हणेल. अहो, आपली रब्बी ज्वारीही ऐन थंडीतच फुलोऱ्यात येते. रात्री फार गारठल्या की संकरित वाणांत पराग नीट धरत नाही, कणसात दाणे विरळ भरतात. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी मात्र त्याच गारठ्यात भरते. भातावर एवढे रकाने खर्च झालेच आहेत, तर मालदांडीच्या पोटरीत नेमके काय घडते, यावर मोहोळच्या शास्त्रज्ञांकडून एक लेख लिहून घ्यावा. हुरड्याच्या आधी छापलात तर आणखी बरे.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक,
जुळे सोलापूर