फ्रीजरचा भोंगा आणि पेशीतली रापण: विज्ञान-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात जंतू गिळणाऱ्या पेशींवरच्या आमच्या प्रकल्पाचा आढावा घ्यायला समिती आली होती. तिच्यातल्या एका अधिकाऱ्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी कोकणीत विचारलं, "बाय, हाचो गोंयाक कितें उपेग?" म्हणजे, याचा गोव्याला काय उपयोग? प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे दोन मिनिटं उरली होती. मी "टीबी" एवढंच म्हणून खाली बसले. उत्तर खोटं नव्हतं, पण घाईचं होतं. ते नीट द्यावं म्हणून हे पत्र, आणि आपल्याला अशासाठी की शेवटी जे मागायचं आहे ते त्या अधिकाऱ्यांच्या हातातलं नाही.

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. जंतू दिसला की गिळायचा, हे त्यांचं काम. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खरं तर इथे ती सुरू होते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, तिला फॅगोसोम म्हणतात. ही पिशवी पेशीच्या कडेपासून आत, केंद्रकाच्या आसपास जमलेल्या लयकारिकांपर्यंत पोचावी लागते. जंतू विरघळवणारं आम्ल आणि विकरं तिथे असतात. कचऱ्याचं उदाहरण देऊन सांगते: कचरा उचलला, गाडी भरली, पण ती साळगावच्या कचरा प्रकल्पापर्यंत पोचलीच नाही, तर जे होईल तेच इथे होतं. क्षयाचा जंतू नेमका हाच डाव साधतो. लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं की जिवंत जंतू असलेल्या पिशव्या बहुतेक वेळा लयकारिकांशी एकजीव होतच नाहीत. जंतू मारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड करून राहतो.

मग ही पिशवी ओढतं कोण? पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवर चालणारी प्रथिनं असतात. काइनेसिन बाहेरच्या दिशेने ओढतं, डायनीन आतल्या. काइनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात असे फॅगोसोम पकडून त्यांना लागणारा जोर मोजला, तोही जिवंत पेशीच्या आत. काइनेसिन एकटं ५ ते ६ पिकोन्यूटन जोर लावतं, डायनीन एकटं जेमतेम १. पण काइनेसिनांना एकत्र ओढणं जमत नाही, डायनीनांना जमतं.

बाणावलीच्या किनाऱ्यावर आपण रापणीचं मोठं जाळं ओढताना पाहिलं असेल. पहाटे होडी जाळं टाकून येते आणि मग दोराला माणसं लागतात. त्यांत सत्तरीचा म्हातारा असतो, बारा वर्षांचा पोर असतो, कमरेला पदर खोचलेली बाई असते. एकेकट्याची ताकद काहीच नाही. पण पाय वाळूत रुतवून सगळी एका ठेक्यात मागे सरकतात आणि जाळं येतं. एकच पैलवान दोराला लावला तर तो दमून वाळूत बसेल. मात्र एक अट आहे, सगळ्यांचे हात एकाच दोराला हवेत. दहा माणसं दहा दिशांना उभी राहिली तर जाळं जागचं हलत नाही. मल्लिक यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की फॅगोसोम जुना होत जातो तसे त्याच्या आवरणावर कोलेस्टेरॉलचे ठिपके तयार होतात आणि विखुरलेले डायनीन त्या ठिपक्यांत गोळा होतात. म्हणजे सगळी माणसं एका दोराशी येतात, आणि पिशवी लयकारिकांकडे धावू लागते. काळ्या आजाराच्या परजीवीच्या अंगावरचा एक मेदयुक्त रेणू हीच गर्दी पांगवतो. दोराला धक्का नाही, माणसांना इजा नाही, नुसती पांगापांग. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा परजीवीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

मल्लिक मुळात भौतिकशास्त्रज्ञ. सुरुवात रोगापासून नव्हती, एवढंसं प्रथिन एवढा भार ओढतं कसं इथून होती. भक्षक पेशींचा शोधही असाच लागला. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८८२ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि सकाळी काट्याभोवती पेशी जमलेल्या पाहिल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनला कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला होता. तारामाशाचा बर्लिनच्या क्षयरोग्यांना काय उपयोग, असं मेचनिकॉफला कुणी विचारलं असतं तर त्याची माझ्यासारखीच अडचण झाली असती.

आणि हे परक्यांचं काम आहे असंही नाही. पणजीची एस्कोला मेडिका, म्हणजे वैद्यकीय शाळा, १८४२ ची. तिचे संचालक राहिलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो बाणावलीचेच.

आता माझी गोष्ट. जूनमधली रात्र, पावसाने वीज गेलेली. पावणेतीनला रखवालदाराचा फोन आला, "बाई, तुमचं कपाट बोंबलतंय." कपाट म्हणजे उणे ८० अंशांचा फ्रीजर. मी पोचले तेव्हा आकडा उणे ५२ वर आला होता आणि वर चढत होता. खाली जनरेटर उभा होता, नवाकोरा, उद्घाटनाची झेंडूची माळ अजून वाळून लटकलेली. टाकीत डिझेल नव्हतं. डिझेलची फाइल तीन दरपत्रकं हवीत म्हणून परत आली होती. शेजारच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर वाढवलेल्या पेशी एव्हाना गारठल्या होत्या. रखवालदाराने विचारलं, मालीमच्या जेटीवरून बर्फ आणू काय? मासळीच्या बर्फाने ते काम होत नाही हे त्याला सांगताना मला हसू आलं आणि मग रडू. सकाळपर्यंत दोन वर्षांचे साठवलेले नमुने गेले. माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्यांवर उभा होता. ती आता बंगळुरूला आहे.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर प्रश्न त्या एका संस्थेचा होईल, एक नोटीस निघेल आणि सगळे मोकळे होतील.

माझं मागणं नव्या इमारतीचं नाही. नवा सूक्ष्मदर्शकही नको, आहे तो प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला आहे, कारण त्याच्या वार्षिक देखभालीचा करार कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही. उपकरण घ्यायला पैसे मिळतात, ते चालू ठेवायला मिळत नाहीत. उपकरण विकत घेताना फीत कापता येते, दुरुस्ती करताना कापता येत नाही, हे मला कळतं. तरी राज्याच्या विज्ञान निधीत देखभालीसाठी वेगळं शीर्ष काढा, आणि त्यातला डिझेलसारखा खर्च विभागप्रमुखाच्या सहीने होऊ द्या. दुसरं, प्रयोगशाळेत कायम तंत्रज्ञ द्या. अकरा महिन्यांच्या करारावरचा मुलगा सूक्ष्मदर्शकाची नस ओळखू लागतो तोवर त्याचा करार संपतो. उपयोगिता प्रमाणपत्रं आम्ही वेळेवर देऊ, ती द्यायची सवय आम्हाला आहे.

आपण एकदा प्रयोगशाळेत यावं. शुक्रवारी सकाळी आम्ही मॅक्रोफेजना लेटेक्सचे मणी खायला घालतो. तासाभरात मणी आत सरकू लागतात. एखादा थबकतो, मागे जातो, पुन्हा निघतो. प्लास्टिकखालचा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक बंद आहे, पण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही एवढं दिसतं. पाऊस नसेल असा शुक्रवार निवडा.

आपली,
पेशीविज्ञानाची एक प्राध्यापिका
फोंडा, गोवा