अँजिओनंतर पेशंट गोंधळला तर डायचाही विचार व्हावा

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या गावात सीटी टेक्निशियन आहे, कॉन्ट्रास्ट म्हणजे आम्ही ज्याला डाय म्हणतो ते, रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, देणं हे माझं रोजचं काम. डायमुळे रोज लोकांचे जीव वाचतात आणि पत्र वाचून कुणी अँजिओग्राफी टाळू नये हे आधीच सांगतो. पण एक गोष्ट आहे जी पेशंटच्या घरच्यांना कुणी सांगत नाही आणि नाइट ड्यूटीच्या स्टाफलाही बऱ्याचदा माहीत नसते.

अँजिओ किंवा स्टेंट झाल्यावर काही मिनिटांत नाहीतर काही तासांत एखादा पेशंट अचानक म्हणतो मला दिसत नाही, बडबडायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही, कधी फिट येते, कधी एक बाजू लुळी पडते. आयोडीनवाला डाय रक्तातून मेंदूत झिरपतो आणि मेंदूला सूज येते. दुर्मिळ आहे, शंभरात एकापेक्षा कमी, पण बीपी जास्त असलेले, किडनी कमजोर असलेले आणि ज्यांना डाय जास्त लागला त्यांना धोका जास्त. १९७० मध्येच डॉक्टरांनी अँजिओनंतर दृष्टी गेल्याची केस लिहून ठेवलीये, म्हणजे हे काही नवीन नाही.

खरा घोळ पुढे होतो. प्लेन म्हणजे नव्याने डाय न देता सीटी काढला की मेंदूच्या पृष्ठभागावर पांढरं दिसतं, ते रक्तस्रावासारखंच दिसतं, आणि ब्रेन हॅमरेज समजून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या तर कालच टाकलेला स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो! रक्ताची घनता सीटीवर साधारण ५० ते ७० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक) येते, डाय बऱ्याचदा १०० च्या वर जातो, ते मोजायला मशीनवर अर्धा मिनिट लागतो. अर्थात स्ट्रोक आणि खरा रक्तस्राव नाही हे आधी बघायलाच पाहिजे, डायवर ढकलून मोकळं होऊ नये. तो प्रकार डायचाच असेल तर बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत पूर्ण बरे होतात, हे ऐकलं तरी बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना केवढा धीर येईल.

साहेब, औषधं दुसऱ्या खात्याकडे आणि मेडिकल कॉलेजं तिसऱ्याकडे हे माहीत आहे, पण जिल्हा रुग्णालयांचं डिस्चार्ज कार्ड तुमचं आहे. त्यावर डायचं नाव आणि किती एमएल दिला हे छापील रकान्यात लिहायला लावा, कारण पेशंट रात्री दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तिथल्या डॉक्टरला तेवढंच हातात मिळणार. संमतीपत्र मराठीत आणि मोठ्या अक्षरात द्या, सही घेताना किडनी-बीपीचं विचारलं जावं. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी करणाऱ्या खाजगी हॉस्पिटललाही हेच नियम लावता येतील.

आणि अशी केस झाली तर केंद्राच्या फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाकडे कळवणं सक्तीचं करा. २०१० पासून तो चालू आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, नातेवाईकसुद्धा तक्रार नोंदवू शकतात. तो नंबर प्रत्येक सीटी रूम आणि कॅथ लॅबच्या (जिथे अँजिओ होते त्या खोलीच्या) दारावर लावायचं परिपत्रक काढाच, ही विनंती.

आपला,
एक सीटी टेक्निशियन