घराची वजाबाकी

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी फोनवर बोलता येतील, म्हणून येथे फक्त एकाच प्रश्नाविषयी लिहिते. आजोबा वकील, बाबा वकील आणि आता तूही कायद्याच्या शेवटच्या वर्षाला; तेव्हा ही निवड माझी म्हणायची की घराची, आणि घराकडून आलेले सगळे वजा केले तर माझे म्हणून काय उरते, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. त्यातली वजाबाकी मात्र मला मान्य नाही.

तुझ्याच वागण्यातले एक उदाहरण घेते. एखादा मुद्दा पटला नाही की तू लगेच विरोध करत नाहीस. आधी ‘बरं, समजा’ म्हणतेस, समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीटनेटके मांडून दाखवतेस आणि मगच ते खोडून काढतेस. ही शंभर टक्के बाबांची लकब आहे. फरक पुढे पडतो. मुद्दा जिंकला की बाबा तो विसरून दुसऱ्या कामाला लागतात, तर तू समोरचा माणूस दुखावला तर नाही ना, हे पाहत थोडी रेंगाळतेस. हे रेंगाळणे कुणाकडून आले, हे मला सांगता येणार नाही. आमच्या दोघांच्याही घरांत ते कुणात पाहिल्याचे आठवत नाही. पण बाबांची लकब तुझ्यातून काढून टाकली, तर या रेंगाळण्याला निमित्तच उरणार नाही. तुझे जे आहे ते आमच्याकडून आलेल्या गोष्टींच्या शेजारी वेगळे ठेवलेले नाही, ते त्यांच्यातूनच उगवले आहे, आणि म्हणून वजाबाकी करून हाती काही लागणार नाही.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर अभ्यासला, त्या मनोविश्लेषक एरिक एरिक्सनची हकिगत तुला कदाचित ठाऊक नसेल. ‘आयडेंटिटी क्रायसिस’, म्हणजे आपण नेमके कोण हा पेच, हा आता सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग त्याच्यामुळे रूढ झाला. 1902 मध्ये जर्मनीत जन्मलेल्या या माणसाला आपला जन्मदाता कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. आईने बालरोगतज्ज्ञ असलेल्या होमबुर्गर यांच्याशी विवाह केला, आणि हेच तुझे वडील, असे त्याला लहानपणी सांगण्यात आले. ज्यू मुलांमध्ये तो उंच आणि निळ्या डोळ्यांचा म्हणून परका ठरे, तर शाळेतल्या इतर मुलांमध्ये ज्यू म्हणून. पुढे 1939 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याने एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा, हे आडनाव धारण केले; जणू स्वतःचा बाप स्वतःच झाला. ‘घर वजा केले तर काय उरते’ या प्रश्नाचे याहून टोकाचे उत्तर मला माहीत नाही. गंमत अशी, की त्याने सावत्र वडिलांचे नावही पूर्ण टाकले नाही, ‘एच.’ या आद्याक्षराच्या रूपाने ते त्याच्या नावाच्या मध्यभागी राहिले. आणि आपण कोण हे माणूस एकट्याने ठरवत नाही, ज्यांच्यात तो वाढतो त्यांनी त्याला कसे ओळखले यातूनही ते घडत जाते, असेच तो पुढे मांडत राहिला.

एरिक्सनच्या मांडणीवर जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये जे काम केले, ते तुझ्या शंकेच्या अगदी जवळ जाते. तरुण माणसाला त्याने दोन गोष्टी विचारल्या: तू पर्यायांचा खरोखर शोध घेतलास का, आणि आता तू कशाला तरी बांधील आहेस का? काहीच न शोधता जो बांधील झाला, म्हणजे घरच्यांनी आखलेला रस्ता जसाच्या तसा स्वीकारून चालू लागला, त्याच्या अवस्थेला त्याने ‘फोरक्लोजर’ म्हटले. शोधाअंती जो बांधील झाला, त्याने स्वतःची ओळख मिळवली असे मानले. माणसांना अशा खान्यांत बसवण्याचे मला फारसे प्रेम नाही, पण या मांडणीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. दोन मुली वकीलच होतील, दोघींच्याही घरात वकिली असेल, आणि तरी एक ‘फोरक्लोजर’च्या खान्यात बसेल व दुसरी स्वतःची ओळख मिळवलेल्यांच्या. निवड घरच्यासारखी आहे की वेगळी, यावरून काहीच ठरत नाही. तू ती निवड कधी उलटसुलट करून पाहिलीस का, एवढाच प्रश्न उरतो. आणि तुझे पत्र वाचता तू सध्या नेमके तेच करते आहेस.

म्हणूनच ‘हे सगळे सोडून भलतेच काहीतरी करावे’ या तुझ्या वाक्याकडे मी थोड्या सावधपणे पाहते. कुटुंबांचा अभ्यास करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन म्हणत, की घराशी नाते तोडून लांब गेलेला माणूस मोकळा झालेला दिसतो, पण बरेचदा तो घरातून कधीच न हललेल्या माणसाइतकाच घराला बांधलेला असतो. आईवडील पूर्वेला म्हणाले म्हणून जो पश्चिमेला जातो, त्याची दिशाही त्यांनीच ठरवलेली असते. उद्या तू वकिली सोडलीस, तर ती तुला नको म्हणून सोड. आमची आहे म्हणून सोडू नकोस.

दादाचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. हेच घर, हेच आईबाप, जेवणाच्या वेळी हेच खटले कानावर. आणि त्याला त्यात काडीचाही रस वाटला नाही. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी 1987 मध्ये, एकाच घरातली मुले एकमेकांहून इतकी निराळी का असतात, असा प्रश्न मांडला होता. त्यांचे म्हणणे असे, की स्वभावापुरते पाहिले तर भावंडांमधले साम्य मुख्यतः आनुवंशिकतेतून येते. एका छपराखाली वाढल्यामुळे ती आणखी सारखी होतात, असे फारसे दिसत नाही. आईबापांच्या अहंकाराला हे जरा झोंबणारे आहे, पण तुला त्यातून दिलासा मिळावा. (मावशीचा ‘थोरला जबाबदार, धाकटी लाडावलेली’ हा सिद्धान्तही फार मनावर घेऊ नकोस. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासणाऱ्या 2015 मधल्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम आढळला नाही.)

मग घर काय देते? मला वाटते, ते स्वभावापेक्षा कथा अधिक देते. एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची यादी केली होती: आईवडील कसे भेटले, घरात कुणावर कोणते संकट आले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, अशा स्वरूपाची. ज्या मुलांना ही उत्तरे अधिक ठाऊक होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक होता. एकामुळे दुसरे घडते, असा अर्थ यातून लगेच काढता येत नाही. यश आणि पडझड दोन्ही न लपवता सांगितलेली कथा सर्वांत जास्त बळ देते, असे ड्यूक यांचे मत होते, आणि ते मला पटते.

आपल्या घराची कथा तू अर्धीच ऐकली आहेस. ‘परंपरेने वकिली’ हा शब्द तू वापरलास, पण तुझे पणजोबा शाळामास्तर होते आणि मुलाने शिक्षकच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. आजोबा काही काळ वर्गावर उभेही राहिले. मग न सांगता कायद्याला नाव घातले आणि कितीतरी महिने बापलेकांत बोलणे नव्हते. आज जी तुला परंपरा वाटते, तिची सुरुवात ती मोडण्यातून झाली. आजीला हे सारे बारकाव्यांसह माहीत आहे. तिला एकटीला गाठून विचार, आजोबांसमोर ती बोलायची नाही.

बाबांना मी तुझा प्रश्न सांगितलेला नाही, तो तूच त्यांना विचारावास असे वाटते. तुम्ही वकिली का घेतलीत, हे मी त्यांना आजवर दोनदा विचारले आहे. एकदा म्हणाले, वडिलांचे अशील दारात उभे होते म्हणून; दुसऱ्यांदा म्हणाले, वडिलांना हरवायचे होते म्हणून. तिसऱ्यांदा काय म्हणतात, ते मला कळव.

तुझी
आई