कूपन लेवीयच्या तेराव्या अध्यायात आहे

नवापूर, ७ जानेवारी

प्रिय सोनू,

ख्रिस्तात सलाम.

तुझं बायबल इथेच राहिलं. आईने काल गादी उन्हात टाकायला उचलली, तेव्हा पलंग आणि भिंतीच्या फटीतून निघालं. ती म्हणाली, विसरला. मीही म्हटलं, हो, विसरला असेल. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चालू आहे: राहिलं, की ठेवलं? हे तुला विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. चार ओळीही झाल्या नाहीत आणि विचारून मोकळा झालो.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हो पप्पा" म्हणतोस, मी "बरं" म्हणतो आणि आई पलीकडून ओरडते, जेवला का विचारा. त्यात सगळं संपतं. म्हणून पत्र. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

आधी तुझ्या नाताळातल्या बोलण्याचं बघू, म्हणजे माझं मन हलकं होईल. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पप्पा, रोज पहाटे साडेपाचला अख्ख्या गावाला गुलाबाच्या फोटोवर वचन पाठवता, आणि काकांना ब्लॉक करून ठेवलंय." मावशी हसली. मला हसू आलं नाही. मी ताटावरून उठलो, ती माझी चूक. पोरगं खरं बोललं की बापाला भूक लागत नाही. विहिरीच्या पाण्याचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे, पण ते असो. अर्धं माहीत असूनही तू बरोबरच बोललास. त्या रात्री मी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग काढला. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हा भाग मी युवक संघात दोनदा शिकवलाय. फळ्यावर लिहून.

काकांना अनब्लॉक केलंय. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. पुढचं अजून झालेलं नाही.

आणि ते गुलाबाचे फोटो, तेही सांगून टाकतो. रविवारी दुपारी मी आठवड्याचे सात एकदमच काढून ठेवतो आणि रोज एक सोडतो. तुझे आजोबा असते तर त्यांनी मला मान्न्याचा, म्हणजे रानात इस्राएल लोकांना आकाशातून मिळालेल्या भाकरीचा, अध्याय वाचायला लावला असता. निर्गम सोळा. रोज पहाटे जाऊन त्या दिवसापुरतंच गोळा करायचं, आणि ज्यांनी सकाळपर्यंत शिल्लक ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. आजोबा म्हणायचे, देवाला कोठार भरून देता आलं नसतं का? आलं असतं. पण मग माणूस महिन्यातून एकदाच घराबाहेर आला असता. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" यातला "आज" ते जरा दाबून म्हणायचे. तुला आठवत असेल, तू त्यांची नक्कल करायचास.

तर मी तुझं बायबल उघडलं. रागावू नको. पत्र नव्हे ते, बायबल आहे. पण तरी विचारायला हवं होतं.

आत कंपनीच्या कँटीनचं कूपन होतं, लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायावर. त्यावर शिक्का १७ फेब्रुवारीचा, गेल्या वर्षीचा. मी कंडक्टर माणूस, वेबिल, म्हणजे फेरीचा हिशोब, बंद केल्याशिवाय झोप येत नाही, हिशोब लगेच केला. बायबलात एकूण १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पूर्ण होतात, हे गणित मीच तुला शिकवलं. उत्पत्तीचे ५०, निर्गमचे ४० आणि लेवीयचे १३ मिळून १०३. म्हणजे एक जानेवारीला सुरू केलंस तर फेब्रुवारी उजाडतानाच तू तिथे हवा होतास. कूपन सतराचं. म्हणजे तू पंधरा-सोळा दिवस मागे पडला होतास.

आधी वाईट वाटलं. मग रात्री पडल्या पडल्या दुसरंच सुचलं. मागे पडलेला माणूस बहुतेक सोडून देतो. तू पंधरा दिवस मागे असूनही वाचत होतास, लेट गाडी मुक्कामाला पोचवावी तसा. तेव्हा आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोपा.

लेवीयात बरेच जण थांबतात. मी दोनदा थांबलोय. अर्पणाचे नियम, खुरांचे नियम, चट्टे, केस पांढरा झाला का, खोल दिसतो का. रात्रपाळी करून आलेल्या पोराने यातून काय घ्यावं? म्हणून मी म्हणणार होतो, तू तिथे अडकलास यात काही नाही, सरळ मार्कच्या शुभवर्तमानाकडे जा. पण मग तो अध्याय मीच काल पूर्ण वाचला. चट्टा कुष्ठाचा आहे का हे नक्की कळत नसेल तर याजकाने त्या माणसाला सात दिवस वेगळं ठेवायचं, आणि सातव्या दिवशी याजकानेच त्याला पुन्हा पाहायचं. तरीही कळलं नाही तर आणखी सात दिवस, आणि पुन्हा पाहायचं. ही ओळ मी किती वर्षं वाचली असेल, पण माझं लक्ष कायम चट्ट्याकडे. पुन्हा पाहायचंय, हे डोळ्यांत भरलंच नव्हतं.

सोनू, फेब्रुवारीत काय झालं?

त्या महिन्यात तू दोन रविवार फोन केला नव्हतास, हे आईने आत्ता सांगितलं. तिला तारखा पाठ असतात. मार्चमध्ये आलास तेव्हा गालफडं बसलेली होती. मला वाटलं, मेसचं जेवण. मी तुला उलट भक्तीला पाच मिनिटं उशिरा आलास म्हणून बोललो होतो. पाच मिनिटं! एसटीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने उशिराबद्दल बोलावं, हे जरा अतीच झालं.

तुला कुणी काही बोललं का तिथे? पैशाचं काही? नसेल सांगायचं तर नको सांगू.

आता थोडा उपदेश, फार नाही. वाचन सुटलं तर ते पुन्हा धरताना मागची थकबाकी भरायला जाऊ नको. पास संपला की नवा काढतात, मागच्या महिन्याचा कोण काढतो? एक लहानसा भाग घे, आणि तो दिवसभरात कुठे लागू पडतो ते बघ. याकोबाच्या पत्रात आहे ना, वचन नुसतं ऐकणारा म्हणजे आरशात तोंड बघून निघून गेलेला माणूस, वळला की कसा दिसतो तेच विसरतो. मी मुक्कामी गाडीवर असायचो तेव्हा पहाटे ड्रायव्हर तोंड धुऊन येईपर्यंत गाडीतल्या दिव्याखाली वाचायचो. पाच-सात ओव्या. त्यातच एक दिवस लूक सोळा निघालं, "जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू." वाचलं, बायबल ट्रेखाली ठेवलं, ड्यूटी सुरू.

त्याच दिवशी, धुळे–नवापूर गाडी, साक्रीला गर्दी चढलेली. एका म्हातारीला मी तिकिटामागे चौदा रुपये बाकी लिहून दिले. सुटे नव्हते. दहिवेलला ती उतरली आणि मी विसरलो. खाली उभी राहून तिकीट वर धरून म्हणत होती, "मना चौदा रुपया बाकी शेतस भाऊ." मी ऐकलं. तोवर सुटे आलेही होते. पण गाडी वीस मिनिटं लेट, पुढे कोंडाईबारीचा घाट, आणि मी डबल बेल दिली. मागच्या काचेतून दिसली. तिकीट हातातच होतं, खाली केलं नव्हतं. नवापूरला उतरल्यावर मी चहा आणि भजी खाल्ली. चौदा रुपयांतच झालं तेव्हा.

हे मी पाळकांनाही सांगितलेलं नाही. पुढे वर्षभर त्या फेरीला चौदा रुपये वरच्या खिशात वेगळे ठेवायचो. ती पुन्हा दिसली नाही. आता निवृत्त झालो, तरी दहिवेल आलं की खिडकीबाहेर बघतो. म्हणून सांगतो, वचन वाचलं की माणूस सुधारतोच असं नाही. पण वाचलेलं नसतं तर ते भजं मला गोड लागलं असतं.

बघ, उपदेश करायला निघालो आणि भज्यावर आलो.

आणखी एक फेब्रुवारी आठवतो. २००६ चा. तू पहिलीत होतास. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आपल्याच नवापुरात सापडला आणि गाव पेपरात आलं. मावशीच्या शेडवर पांढरे कपडे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, दोन दिवसांत शेड रिकामं. रिकाम्या शेडचा तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, मावसा सहन करू शकले नाहीत, आपल्याकडे येऊन बसले. रात्री कुटुंब प्रार्थनेत आजोबांनी हबक्कूक तीन काढला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन. सगळे गप्प. आणि तू विचारलंस, "आजोबा, यात कोंबड्या का नाहीत?" मावसा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. आजोबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तू म्हण, मी लिहितो." पेन्सिलने समासात लिहिलं. ते बायबल काकांकडे गेलंय. हेही एक कारण, की मी ती दोन ओळींची गोष्ट पूर्ण करायला हवी.

तो मुलगा आता गप्प का झालाय, एवढंच मला कळत नाही. विश्वासाविषयी प्रश्न पडले असतील तर पडू दे. मला वाटायचं, प्रश्न विचारणारं पोर हातचं जातं. आता वाटतं, विचारायचंच बंद करतं ते जातं. आपल्या रेल्वे स्टेशनवर, जिथून दोन राज्यांची सीमा जाते, तू लहानपणी एक पाय महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत ठेवून उभा राहायचास, त्यावरून दोन मतांत लटपटण्याचा दाखला देणार होतो. पण आपल्या पाळकांनी तो तीनदा दिलाय आणि तीनही वेळा तू जांभई दिली होतीस.

वाचवत नसेल तर तेरावं स्तोत्र बघ. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच तक्रारीने: देवा, कुठवर तू मला विसरणार? तेही जमलं नाही तर अठ्ठ्याऐंशीवं. ते तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटचा शब्दही अंधार. तरी ते पुस्तकातून कुणी काढून टाकलं नाही. एवढं मोठं पुस्तक, त्यात रडायलाही जागा ठेवलीय. गुलाबाच्या फोटोवर मी ते कधी पाठवलं नाही, हे खरं.

पुन्हा लांबलं. माफ कर. तू त्या कंपनीत लागलास तेव्हा मी डेपोत पेढे वाटले होते, आणि ज्यांना तुझं काम काय ते विचारायचं होतं त्यांना मी "क्वालिटी बघतो" एवढंच सांगू शकलो, कारण मला तेवढंच कळलं होतं. अजूनही तेवढंच कळतं. येऊन बघायला हवं होतं.

तर ऐक. बायबल पोस्टाने पाठवत नाही. पुढच्या गुरुवारी रात्रीच्या गाडीने मी निघतो, शुक्रवारी सकाळी पोचेन. निवृत्तीचा पास आहे, त्यामुळे तू नको म्हणालास तरी माझं तिकीट वाया जाणार नाही. आईने तूरडाळ दोन किलो आणि नागलीचे पापड बांधून ठेवलेत. डाळ इथलीच आहे, तिकडची शिजवून बघितलीस तर फरक कळेल. कूपन काढलं नाही, त्याच पानात आहे. तुझी पाळी असेल तर गेटवर बसेन, वॉचमनला फक्त सांगून ठेव.

तुझा,
पप्पा

ता. क. आई विचारते, डब्याचं लहान झाकण तुझ्याकडे आहे का. निळं.